आपल्या डोक्यावरचा पत्रा : थोडा इतिहास, थोडा हिशेब

स्मरणिका समितीच्या मंडळींनी "सर, तुम्ही इतिहासाचे, तेव्हा संस्थेच्या इतिहासावर काहीतरी लिहा," अशी गळ घातली, तेव्हा मी सरळ सांगितलं, की संस्थेचा इतिहास आपले पहिले सेक्रेटरी माझ्यापेक्षा चांगला लिहितील. कन्व्हेयन्सपासून पाण्याच्या जोडणीपर्यंत सगळ्या फायली त्यांच्या तोंडपाठ आहेत. मी एका वेगळ्याच गोष्टीचा इतिहास लिहितो. आपल्या वार्षिक सभेत गेली कितीतरी वर्षं जिच्यावरून आवाज चढतात आणि चहा गार होतो, त्या गोष्टीचा. म्हणजे पत्र्याचा.

गच्चीवर पत्र्याची शेड घालायची की नाही, हा आपल्याकडचा सर्वांत जुना वाद. आणि या वादात मी कोणत्या बाजूला होतो हे सगळ्यांना माहीत आहे. "आपली इमारत आहे, गोडाऊन नव्हे," हे वाक्य माझंच. ते टाळ्या घेऊन गेलं होतं. आज त्याच वाक्याचा थोडा हिशेब मांडायचा आहे.

माझा जन्म कोकणातला, कौलारू घरातला. घराचं छप्पर ही एकदा घालून विसरायची गोष्ट नाही, हे तिथल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. मे महिना लागला की शाकारणी. माणूस वर चढायचा, खालून एकेक कौल हातोहात वर जायचं, फुटकी बाजूला पडायची, वासे-रिपा ठोकून बघायच्या, वाळवी लागलेली रीप बदलायची. कौलं चाळून झाली की आजी अंगणात उभी राहून आढ्यापासून पावळीपर्यंत नजर फिरवायची आणि "झालं, आता येऊ दे त्याला" म्हणायची. तो म्हणजे पाऊस. एवढं करूनही माकडांची एक टोळी येऊन गेली की पहिल्या सरीला माजघरात पातेली मांडावी लागत.

ती जुनी कौलं म्हणजे कुंभाराची नळीची. चपटी मंगलोरी कौलं आली ती नंतर. बासेल मिशन या जर्मन-स्विस मंडळींनी १८६५ मध्ये मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला. तिथली चिकणमाती, यंत्राचा दाब आणि भट्टी यांतून एकसारखी, एकमेकांत अडकणारी कौलं निघू लागली आणि गलबतांतून किनाऱ्याने वर मुंबईपर्यंत आली. आज ज्याला आपण 'पारंपरिक कोकणी घर' म्हणतो, त्याच्या डोक्यावरची ती लाल कौलं ही त्या काळातली कारखान्यातली नवी वस्तू होती. म्हणजे नव्या छपराला नाकं मुरडायची आणि दोन पिढ्यांनी त्यालाच परंपरा म्हणायचं, ही आपली जुनीच सवय दिसते.

आता पत्रा. पन्हळी पत्र्याचा जन्म लंडनच्या गोदीतला. हेन्री रॉबिन्सन पामर हा तिथल्या गोदी कंपनीचा इंजिनिअर. त्याने १८२९ मध्ये लोखंडी पत्र्याला लाटांसारख्या घड्या पाडण्याचं पेटंट घेतलं आणि गोदीत टर्पेंटाइन ठेवायच्या शेडवर असलं छप्पर घातलं. कल्पना इतकी साधी, की वर्गात मी ती पोस्टकार्डावर दाखवत असे. सपाट पोस्टकार्ड दोन पुस्तकांवर पुलासारखं ठेवलं तर एका खडूनेही वाकतं. त्याच पोस्टकार्डाला पंख्यासारख्या घड्या घाला, आता डस्टर ठेवलं तरी वाकत नाही. माल तेवढाच, वजन तेवढंच, ताकद अनेक पट. पत्र्याच्या पन्हळी पाणी वाहून जाण्यासाठी असतात असं आपल्याला वाटतं. तो वरचा फायदा. खरं काम ताठपणा देण्याचं.

पण नुसतं लोखंड गंजणारच. त्यावर उपाय निघाला जस्ताचा. फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या माणसाने १८३७ मध्ये लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं. जस्ताचा गुण असा, की ते नुसतं लोखंडाला झाकून बसत नाही, लोखंडाऐवजी स्वतः झिजतं. पत्र्यावर लहानसा ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी खर्ची पडतं आणि लोखंड वाचतं. जस्त संपलं की मग गंज धरतो. म्हणजे पत्र्याचं आयुष्य हे त्यावर जस्त किती आहे यावर ठरतं, पत्रा किती चकचकीत आहे यावर नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कोटेशनच्या वेळी उपयोगी पडेल.

यात आपल्या अभिमानाची एक गोष्ट आहे. जस्त तापवलं की ते वितळून खाली बसण्याऐवजी वाफ होऊन उडून जातं, म्हणून ते धातूरूपात मिळवणं फार अवघड. राजस्थानात उदयपूरजवळ झावर इथे ते काम उलट्या मुशी लावून, वाफ खाली उतरवून थंड करून, युरोपच्या काही शतकं आधी मोठ्या प्रमाणावर चालत होतं. मुशींचे ढीगच्या ढीग तिथे आजही दिसतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने याचं पेटंट घेतलं ते १७३८ मध्ये. पुढे त्याच ब्रिस्टलमध्ये जस्ताच्या पत्र्याचे मोठे कारखाने उभे राहिले आणि तो पत्रा बोटींत भरून जगभर गेला. झावरच्या देशातही तो परदेशी माल म्हणूनच आला.

त्या पत्र्याला जगाने डोक्यावर का घेतलं? कारण एकच, तो एकावर एक रचून नेता येतो. कौलं फुटतात, गवत कुजतं, दगड हलत नाही. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा अख्खी लोखंडी घरं सुटी करून बोटीने पाठवली गेली. आपल्याकडे गोदामं, रेल्वेच्या शेडी, गिरण्या, छावण्या यांवर पत्रा चढला. महाबळेश्वर-माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळाभर सूर्यदर्शन दुर्मिळ, तिथल्या बंगल्यांवरही पत्र्याची उतरती छपरं आली. तेव्हा पत्रा ही साहेबाच्या घरावरची वस्तू होती. 'पत्र्याचं घर' म्हणजे गरिबाचं, हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

आणि आता ती गोष्ट, जिने माझं मत हलवलं. १२ जून १८९७ रोजी आसामात फार मोठा भूकंप झाला. शिलाँगमधली दगडी घरं, कचेऱ्या, चर्च जमीनदोस्त झाली. त्यानंतर तिथे घर बांधायची पद्धतच बदलली. लाकडी सांगाडा, वेताबोरूच्या कुडावर गिलावा आणि वर हलका पत्रा. 'आसाम टाइप' घर म्हणून ती पद्धत आजही ओळखली जाते. हललं तरी ते घर डुलतं, आणि पडलंच तर अंगावर दगड पडत नाहीत.

हे मी मुलांना शिकवत होतो तेव्हा ते दूरच्या आसामातलं होतं. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला धरणी हलली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली. भूकंप काही जगातला सर्वांत मोठा नव्हता. माणसं मेली ती छपरांखाली. त्या भागातली घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचं माळवद. दर वर्षी गळतं म्हणून दर वर्षी वर नवी माती टाकायची. बापाने टाकली, त्यावर मुलाने टाकली, नातवाने टाकली. काही घरांत तो थर हातभर झालेला. अर्धा मीटर जाडीची माती म्हणजे एका चौरस मीटरवर सुमारे आठशे किलो. ज्याने ती टाकली त्याने घर थंड राहावं, गळू नये म्हणूनच टाकली होती. उन्हाळ्यात ते माळवद खरोखर सुखाचं असे. पण त्याची किंमत तीन पिढ्यांनी मिळून एका पहाटे चुकवली.

पुढे त्या भागात लोक कित्येक महिने पत्र्याच्या तात्पुरत्या शेडीत राहिले. उन्हाने भाजत, थंडीने कुडकुडत. घामाने निथळत होते, पण डोक्यावर मातीचं ओझं नव्हतं.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मास्तर किल्लारीवरून आपल्या गच्चीवर कसे येणार? येतो. त्याआधी मधला एक टप्पा.

स्वातंत्र्यानंतर पोलाद हा नियंत्रणाचा माल होता. सिमेंटप्रमाणेच पत्र्यासाठीही परमिटं आणि खेटे, हे आपल्यातल्या साठीपुढच्या मंडळींना आठवत असेल. पोलादाच्या किमती आणि वाटपावरचं सरकारी नियंत्रण उठलं ते जानेवारी १९९२ मध्ये. मधल्या काळात स्वस्त पर्याय म्हणून सिमेंटचा पत्रा घरोघर गेला. त्याची कृती १९०० च्या सुमाराला ऑस्ट्रियात निघाली आणि १९३० च्या दशकात आपल्याकडे कारखाने सुरू झाले. तो गंजत नाही, पावसात लोखंडी पत्र्याइतका वाजत नाही, तापतोही कमी. पण त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि ते फुप्फुसात गेले की आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. अनेक देशांनी त्यावर पूर्ण बंदी घातली आहे. आपल्या सायकल स्टँडवर २००० साली घातलेला पत्रा तोच आहे. घाबरायचं कारण नाही, तो शाबूत असेपर्यंत तंतू सहजी सुटत नाहीत. पण काढायची वेळ आली की घणाने फोडू नका, करवतीने कापू नका. ओला करून अख्खा उतरवा, आणि हे काम माहीतगाराकडूनच करून घ्या.

आता आपली गच्ची. आपली इमारत २००० ची, तळमजला अधिक चार. सपाट स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा. हेही त्या काळचं आधुनिक छपरच. ना शाकारणी, ना माकडांची भीती, वर कोजागिरी करायला जागा. आपण आनंदाने राहायला आलो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा आपल्या डोंबिवलीतही तळमजल्यात पाणी होतं हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच पावसात चौथ्या मजल्यावरच्या बेडरूमच्या छतावर पहिला ओला डाग उमटला होता, हे किती जणांना आठवतं? तळमजल्याचं पाणी दुसऱ्या दिवशी ओसरलं. तो डाग ओसरला नाही.

कोकणातल्या उतरत्या छपरावर पाणी क्षणभरही थांबत नाही. आपण ते छप्पर आडवं केलं आणि पाण्याला म्हटलं, हळूहळू जा. कोबा उन्हात तापतो, पावसात अचानक निवतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात. पाणी भेगेतून उतरून स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचतं. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की खालचं काँक्रीट पोपडे धरून पडतं. मग आपण काय केलं? दोनदा रासायनिक लेप दिला, एकदा कोब्याची डागडुजी केली. आणि आता एका कंत्राटदाराने सुचवलं आहे, की जुना कोबा न काढताच त्यावर नवा कोबा घालावा, कारण काढायचा खर्च आणि राडारोडा वाचतो.

इथे मला किल्लारीचं माळवद आठवलं. जुन्यावर नवा थर.

मी इंजिनिअर नव्हे. पण आपल्या ए विंगमधल्या एका सभासदांची मुलगी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, तिच्यासमोर कागद घेऊन बसलो. "काका, नुसतं एका चौरस मीटरचं वजन लिहा," ती म्हणाली. लिहिलं ते असं. दहा सेंटीमीटर जाडीचा कोबा, सुमारे २०० किलो. मंगलोरी कौलं, लाकूड सोडून, ४० किलोच्या आसपास. अर्धा मिलीमीटर जाडीचा पोलादी पत्रा, ४ किलो. त्याचा लोखंडी सांगाडा धरला तरी पंधरा-वीस किलो. आणि भारतीय मानकानुसार वापरात असलेल्या गच्चीवर माणसं, सामान वगैरेंसाठी जो भार धरतात, तो चौरस मीटरला १५० किलो. म्हणजे जुना न काढता तेवढाच दुसरा कोबा घालणं म्हणजे सबंध गच्चीवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, त्या हिशेबाहून जास्त ओझं कायमचं ठेवून देणं. ते पंचवीस वर्षांच्या, आधीच सळई गंजू लागलेल्या स्लॅबवर. आपली इमारत लगेच पडेल असं मी म्हणत नाही, तसं कुणी म्हणू नये. पण ओझं हळूहळू वाढवत नेण्याची सवय कुठे नेते, ते आपण महाराष्ट्रात पाहिलेलं आहे.

मग पत्राच बरा का? थांबा. पत्र्याच्या विरुद्ध मी इतकी वर्षं जे बोललो, ते सगळं चुकीचं नव्हतं. एकेक मुद्दा घेऊ.

उष्णता. पत्र्याखाली राहिलेल्या माणसाला मे महिना काय असतो हे विचारायला नको. पण तिथे पत्रा हेच एकमेव छप्पर असतं. आपल्याकडे तो छपरावरची छत्री असेल. ऊन पत्रा झेलेल, मधून वारा वाहील आणि स्लॅब सावलीत राहील. बाजू उघड्या असतील तर चौथ्या मजल्यावर उकाडा कमी होईल, वाढणार नाही. पांढरा किंवा फिकट रंगाचा पत्रा घ्यावा, गडद निळा-लाल नको. दिसायला बरा म्हणून गडद रंग निवडायचा आणि वर पंखा लावायचा, यात अर्थ नाही.

आवाज. पत्र्यावर पाऊस वाजणारच. पण पत्रा आणि झोपणारा माणूस यांच्यात स्लॅब आहे. आवाज कमी होईल, संपणार नाही. गिट्टी-वाळू पाखडल्यासारखा तो आवाज मला तरी आजोळची आठवण देतो, पण ज्यांची झोप उडेल त्यांनी मला शिव्या द्याव्यात.

वारा. खरी भीती इथे आहे. पत्रा हलका, हा त्याचा गुण. पत्रा हलका, हाच त्याचा दोष. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत पत्रे पानांसारखे उडाले. हिशेब असा, की ताशी १२० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ६५ ते ७० किलोचा जोर लावतो. सांगाड्यासकट शेडचं वजन वीस किलो. म्हणजे शेड खाली बसण्याची चिंताच नाही, ती वर जाण्याची चिंता आहे. म्हणून शेडचे खांब इमारतीच्या कॉलमच्या डोक्यावर बांधले गेले पाहिजेत. स्लॅबमध्ये जिथे सोयीचं तिथे ड्रिलने भोकं पाडून बोल्ट ठोकले, तर शेड घट्टही राहणार नाही आणि गळतीला नव्या वाटा मिळतील त्या वेगळ्या. उडालेला पत्रा शेजारच्या सोसायटीच्या अंगणात खेळणाऱ्या पोराच्या अंगावर पडू शकतो, हे कोटेशनवर सही करताना डोळ्यांसमोर असू द्या.

गंज. कोटेशनमध्ये 'उत्तम प्रतीचा पत्रा' असं लिहिलेलं असतं. त्याला काही अर्थ नाही. विचारायचं ते दोन गोष्टी. जाडी मिलीमीटरमध्ये किती, आणि दर चौरस मीटरला लेप किती ग्रॅम. गेजमध्ये सांगितलं तर लक्षात ठेवा, गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. नुसत्या जस्ताच्या पत्र्यावर १२० ग्रॅमचा लेप असतो तसा २७५ ग्रॅमचाही असतो, आणि लांबून दोन्ही सारखेच चकचकतात. १९७२ पासून बाजारात ॲल्युमिनियम-जस्त मिश्रणाच्या लेपाचा पत्राही आहे. त्यात ॲल्युमिनियम ५५ टक्के असतं आणि तो बहुतेक ठिकाणी जास्त टिकतो, पण ओल्या सिमेंटचा स्पर्श त्याला सोसत नाही. भिंतीलगत सिमेंटने लिंपून टाकायची आपल्या गवंड्यांची सवय तिथे चालणार नाही. शिवाय सगळ्यांत आधी खराब होतात ते स्क्रूखालचे रबरी वायसर. सहा मीटरचा पत्रा रात्रीच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत जवळजवळ तीन मिलीमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. रोज. त्यात वायसर सैल होतात. म्हणजे शाकारणी संपलेली नाहीच. माकडं गेली, स्क्रू आले. दर मे महिन्यात कुणीतरी वर चढून एकेक स्क्रू बघायला हवा, पन्हळातली पानं काढायला हवीत, आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकात हवी.

कायदा. महापालिकेची परवानगी घेतल्याशिवाय शेड नको. आणि परवानगी मिळाल्यावर "जरा बाजूंनी बंद करू, हॉलसारखा वापर होईल," हा मोह नको. बाजू बंद झाल्या की ती शेड राहत नाही, अनधिकृत बांधकाम होतं, आणि वाराही अडतो. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. शेड आधी आणि ऑडिट नंतर, असा उलटा क्रम नको. शेड घातली की डाग झाकला जातो, पण आत गंजलेली सळई तशीच राहते. ती दुरुस्ती आधी.

फायद्याच्या बाजूला एक गोष्ट अजून. शंभर चौरस मीटर पत्र्यावर वर्षाला अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडला, तर ते अडीच लाख लिटर पाणी होतं. पत्र्यावरून ते कोब्यावरच्यापेक्षा स्वच्छ आणि लवकर उतरतं. पहिल्या दोन-चार सरींचं सोडून दिलं आणि बाकीचं बोअरवेलकडे वळवलं, तर मे महिन्यातले काही टँकर तरी वाचतील.

आणि एक तोटा, जो कोणत्याच कोटेशनमध्ये येत नाही. गच्चीवरचं आकाश. आपली पंचवीस वर्षांची कोजागिरी तिथे झाली. पापड-कुरडया तिथे वाळल्या. दहावीच्या परीक्षेआधी अर्धी पोरं तिथे पाठांतर करत फिरायची. माझा विरोध खरा या आकाशासाठी होता. 'गोडाऊन नव्हे' हे फक्त सभेत बोलायचं कारण.

पण हेही लिहिलं पाहिजे, की मी दुसऱ्या मजल्यावर राहतो.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या सौ. चौथ्या मजल्यावरच्या काकूंना मंगळागौरीचं बोलावणं करायला गेल्या, मीही सोबत गेलो. काकूंनी बेडरूममध्ये पलंगाच्या वर प्लास्टिकचा कागद चार दोऱ्यांनी बांधला होता, मधोमध खोलगट, आणि त्याखाली बादली. बादलीत ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून आत जुनं फडकं टाकलेलं. मी बघतोय हे पाहून त्या घाईने म्हणाल्या, "अहो सर, एवढं काही नाही, सवय झालीय." मला आजीच्या माजघरातली पातेली आठवली. फरक एवढाच, की आजीच्या घरात गळलं की सगळ्या घराचं गळायचं आणि सगळं घर वर चढायचं. इथे इमारत एक, छप्पर एक, पण गळतं फक्त वरच्यांकडे. आणि मत मात्र सगळ्यांचं सारखं. आठ वर्षं आम्ही खालच्या मजल्यांवरच्यांनी बहुमताने त्यांच्या पलंगावर बादली ठेवली होती. गच्चीतून येणारं पाणी थांबवणं ही संस्थेची जबाबदारी आहे, असं उपविधीच सांगतात. तरी आम्ही आकाशाबद्दल भाषणं करत होतो. त्यात मी पहिला.

म्हणून आता माझं मत असं आहे. कोब्यावर कोबा नको, काही झालं तरी नको. आधी ऑडिट, मग सळईची दुरुस्ती. त्यानंतर जुना कोबा काढून नवा घालायचा की पत्र्याची शेड, या दोन्हींची दर वर्षाच्या देखभालीसकट पंधरा वर्षांची बेरीज सभेपुढे लेखी यावी. शेड ठरली, तर नियमात बसत असेल तेवढा गच्चीचा एक कोपरा उघडा ठेवावा, जिना आणि टाकीकडचा भाग त्यासाठी बघता येईल. तेवढ्यात कोजागिरीचं दूध आटवता येतं, आणि चंद्राला फार जागा लागत नाही. आणि खर्चाची वर्गणी वरच्या मजल्याकडून जास्त घ्यावी, अशी जी कुजबुज चालते, ती या रौप्यमहोत्सवात कायमची बंद व्हावी. पत्रा चौथ्या मजल्यावर पडणार असला तरी छप्पर सगळ्यांचं आहे.

पुढच्या सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे असं कळतं. सातव्या क्रमांकाला यायला साडेअकरा वाजतात आणि निम्मी मंडळी उठून गेलेली असतात. चेअरमनसाहेबांना विनंती, तो पहिला घ्यावा. ठरावाला सूचक म्हणून माझं नाव घालायला हरकत नाही. अनुमोदन चौथ्या मजल्यावरून मिळेलच.

— एक सभासद, बी विंग, दुसरा मजला